वाचावं काय? चार जोड्या आणि एक सुटं पुस्तक



या मालेत मी आजवर बोललो ते ज्ञानमीमांसा, नीतिशास्त्र असल्या विषयांवर. मागच्या खेपेला व्याख्यान संपल्यावर एका बाईंनी मला जिन्यात गाठलं आणि म्हणाल्या, "सर, ते सगळं ठीक आहे, पण सध्या वाचावं काय ते सांगा ना. चांगली यादी द्या." मी म्हटलं, देतो की. घरी जाऊन यादी करायला बसलो आणि पहिल्याच ओळीवर अडलो.

का अडलो? साधा हिशेब आहे. माझं वय पंचाहत्तरीच्या पुढं. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. नीट, समजून, खुणा करत वाचायचं तर महिन्याला एक पुस्तक होतं. आणखी दहा वर्षं डोळ्यांनी साथ दिली असं धरलं तरी पुस्तकं झाली 120. माझ्या घरात न वाचलेली पुस्तकं याहून जास्त आहेत! तुमच्यातले जे तिशीत आहेत त्यांचा आकडा मोठा असेल, पण तोही मोजता येतोच. म्हणजे मी जेव्हा कुणाला म्हणतो "हे वाचा", तेव्हा मी त्याच्या मोजक्या पुस्तकांतलं एक खर्च करत असतो. ती जबाबदारी घ्यायची तर "छान आहे, आवडेल तुम्हाला" एवढ्यावर भागत नाही. कारण द्यावं लागतं.

आणि कारण शोधायला लागलो तेव्हा माझीच एक जुनी चूक आडवी आली. ती आधी सांगतो, म्हणजे पुढची यादी अशी का आहे ते कळेल.

मी तीसेक वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. आमच्या विषयात युक्तिवादाला मान. कथा-कादंबऱ्या आम्ही फावल्या वेळात वाचायच्या, त्यांना ज्ञानात जागा नाही, असं मी वर्गात अगदी ठासून सांगत असे. न्यायदर्शनातली चार प्रमाणं घ्या: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. यात गोष्ट कुठं बसते? बसत नाही. संपलं. एका वर्षी नीतिशास्त्राच्या पेपरात मी प्रश्न घातला होता: बहुसंख्यांच्या हितासाठी थोड्यांचं नुकसान समर्थनीय आहे का? एका मुलानं त्याचं उत्तर म्हणून धरणात गेलेल्या आपल्या गावाची हकीकत लिहिली. आजोबा, त्यांचं आंब्याचं झाड, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की दिसणारा देवळाचा कळस. चार पानं. मी समासात लाल शाईनं लिहिलं, "हे उदाहरण झालं, युक्तिवाद नव्हे", आणि गुण कापले. तो काही बोलला नाही. भांडायला आला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

ही आठवण मी विसरलो होतो. ती वर आली कृष्णात खोत यांची 'रिंगाण' वाचताना. या कादंबरीला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळं उठवलेली माणसं, आणि मागं राहिलेली जनावरं. पाळलेल्या म्हशी माणसावाचून रानटी होत जातात आणि एक माणूस त्यांना आणायला परत त्या मुलखात जातो. कादंबरीत युक्तिवाद एकही नाही. पण वाचून संपल्यावर माझ्या त्या प्रश्नपत्रिकेतला "थोड्यांचं नुकसान" हा शब्दप्रयोग मला पोकळ वाटायला लागला. नुकसान म्हणजे नेमकं कशाचं? एकरी भाव काढता येतो. म्हैस मालकाला ओळखेनाशी होते, याचा भाव कुठल्या रकान्यात लिहायचा? मी तो प्रश्न घातला, पण त्यात काय विचारलंय हे मलाच पुरतं माहीत नव्हतं. त्या मुलाला माहीत होतं.

तेव्हा आज मी जे मानतो ते असं. गोष्ट हा पुरावा नाही, हे माझं जुनं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. एका कादंबरीवरून धरणं बांधावीत की नाही ते ठरत नाही. पण प्रश्न कुणाचा आहे, तो कुठं दुखतो, हे कादंबरी सांगते. आणि तो केवढा आहे, कुठून आला, हे माहितीचं पुस्तक सांगतं. एकच वाचलं तर आपली फसगत होते. नुसत्या कादंबऱ्या वाचणारा माणूस हळहळतो आणि तिथंच थांबतो. नुसती माहिती वाचणारा सगळं जाणतो आणि त्याचं काहीच अडत नाही. म्हणून मी यादी देणार नाही, जोड्या देणार आहे. एक ललित, एक ललितेतर. पुस्तकं बहुतेक गेल्या पाच-सहा वर्षांतली. माझ्या वयाला ती कोरीच.

पहिली जोडी 'रिंगाण'ची. तिच्यासोबत अमिताव घोष यांचं 'द नटमेग्ज कर्स' घ्या. इंग्रजी, 2021 चं. नटमेग म्हणजे आपलं जायफळ. पुरणात, श्रीखंडात, बाळगुटीत आपण जे उगाळतो तेच. एके काळी जायफळाची झाडं जगात फक्त बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवर होती, आजच्या इंडोनेशियात. युरोपात जायफळाला प्रचंड किंमत. डच ईस्ट इंडिया कंपनीला त्याचा मक्ता हवा होता आणि बेटावरचे लोक ऐकेनात. 1621 साली यान कून या कंपनीच्या गव्हर्नर जनरलनं ती बेटं जवळजवळ रिकामी केली. लोक मारले, गुलाम म्हणून नेले, उरलेले पळाले. मग झाडं राखायला बाहेरून गुलाम आणले. घोष पुस्तकाची सुरुवात करतात ती एका रात्रीपासून: डच सैनिक एका गावात उतरलेले, घाबरलेले, आणि अंधारात एक दिवा खाली पडतो. तेवढ्या आवाजावर गोळीबार सुरू होतो. तिथून ते आजच्या हवामानबदलापर्यंत येतात. त्यांचं म्हणणं असं की जमीन ही निव्वळ माल आहे, तिच्यात जीव नाही, ही समजूत त्या काळात पक्की झाली आणि आज आपण तिचं फळ भोगतो आहोत.

त्यांचे सगळे दुवे मला पटले नाहीत, हेही सांगतो. काही ठिकाणी ते फार लांब उडी मारतात. पण 'रिंगाण'नंतर हे वाचलं की कळतं, की उठवलं जाणं ही एका खोऱ्याची गोष्ट नाही. बांद्यानंतर बरोबर तीनशे वर्षांनी, 1921 साली, आपल्याकडं मुळशीच्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही ओळख त्याच लढ्यानं दिली. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो थेट 1976 साली. मधली पंचावन्न वर्षं त्या माणसांनी कशी काढली असतील? हे विचारावंसं वाटतं ते कादंबरीमुळं, आणि साल सापडतं ते इतिहासामुळं.

दुसरी जोडी. यात 'नाही' म्हणणारी माणसं आहेत. कादंबरी आहे क्लेअर कीगन या आयरिश लेखिकेची, 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज', 2021. शंभरेक पानांची. भाषा इतकी साधी की ज्यांना इंग्रजी वाचायचा धीर होत नाही त्यांनी इथूनच सुरुवात करावी. 1985 सालचं आयर्लंडमधलं एक लहान गाव, नाताळचे दिवस. बिल फर्लाँग हा कोळशाचा व्यापारी, पाच मुलींचा बाप. गावातल्या मठात कोळसा टाकायला जातो आणि तिथल्या कोळशाच्या खोलीत त्याला कोंडून ठेवलेली एक मुलगी दिसते. गावाला मठाबद्दल सगळं ठाऊक आहे आणि कुणालाच काही ठाऊक नाही, अशी परिस्थिती. मठाशी वाकडं घेतलं तर धंद्याचं काय, मुलींच्या शाळेचं काय? पुढं काय होतं ते मी सांगत नाही. या संस्था, त्यांना मॅग्डलेन लाँड्री म्हणत, खरोखर होत्या. 'वाट चुकलेल्या' ठरवलेल्या मुलींना तिथं डांबून फुकट राबवलं जाई. शेवटची 1996 साली बंद झाली आणि सरकारनं माफी मागितली ती 2013 मध्ये.

याच्या जोडीला 'मेटाफिजिकल अ‍ॅनिमल्स', 2022 चं, क्लेअर मॅक कूमहाइल आणि रेचल वाइजमन या दोघींनी लिहिलेलं. ऑक्सफर्डमधल्या चार तत्त्वज्ञ स्त्रियांचं हे चरित्र: एलिझाबेथ अ‍ॅन्सकम, फिलिपा फुट, मेरी मिजली आणि आयरिस मर्डॉक. दुसऱ्या महायुद्धात पुरुष विद्यार्थी लढायला गेले, वर्ग रिकामे झाले, आणि या मुलींना पहिल्यांदाच मोकळेपणानं बोलायला, वाद घालायला जागा मिळाली. त्या काळी तिथं असं मत जोरात होतं की 'हे वाईट आहे' हे विधान खरंही नसतं आणि खोटंही नसतं, ती फक्त बोलणाऱ्याची नापसंती. छळछावण्यांची छायाचित्रं पाहिल्यावर या मैत्रिणींना ते मत गिळवेना. 1956 साली विद्यापीठानं अमेरिकेचे माजी अध्यक्ष ट्रुमन यांना मानद पदवी द्यायचं ठरवलं, तेव्हा अ‍ॅन्सकम उभी राहिली आणि म्हणाली, हिरोशिमा-नागासाकीचा आदेश देणाऱ्याला आपण हा मान देऊ नये. निरपराध माणसांना एक साधन म्हणून मारणं म्हणजे खून. तिच्या बाजूनं अगदी मोजके लोक. पदवी दिली गेली.

मी स्वतः या चौघींपैकी दोघींना कधी शिकवलंच नाही. अभ्यासक्रमात नव्हत्या, आणि मी घातल्याही नाहीत. आणि माझ्या वयाच्या मंडळींसाठी एक गोष्ट: मेरी मिजलीचं पहिलं पुस्तक 1978 साली आलं, तेव्हा ती साठीला टेकली होती. शेवटचं आलं 2018 मध्ये, नव्व्याण्णवाव्या वर्षी, ज्या वर्षी ती गेली. तेव्हा 120 हा माझा हिशेब कदाचित कमीच आहे!

तिसरी जोडी थोडी वेगळी. इथं माझं वर सांगितलेलं सूत्र उलटं होतं. समांथा हार्वे यांची 'ऑर्बिटल'. 2024 चं बुकर पारितोषिक हिला मिळालं. सहा अंतराळवीर, पृथ्वीभोवती फिरणारं स्थानक, आणि फक्त एक दिवस. त्या एका दिवसात पृथ्वीला सोळा प्रदक्षिणा, सोळा सूर्योदय. म्हटलं तर काहीच घडत नाही. खाली एक वादळ मोठं होत फिलिपिन्सकडं सरकतं, आणि वरून ते दिसतं पण थांबवता येत नाही. त्यातल्या जपानी अंतराळवीर बाईंची आई तिकडं वारलेली आहे आणि ही इथं अधांतरी. मला सुरुवातीची पन्नास पानं जड गेली, खोटं कशाला सांगू. रोज थोडं थोडं, रात्री झोपण्यापूर्वी वाचलं तेव्हा जमलं. घाईघाईनं वाचायचं हे पुस्तकच नाही.

आणि ललितेतर, एड याँग यांचं 'अ‍ॅन इमेन्स वर्ल्ड', 2022. प्राण्यांच्या इंद्रियांविषयी. थॉमस नेगेल या तत्त्वज्ञाचा 1974 चा एक निबंध आम्ही वर्गात हमखास घ्यायचो. वटवाघूळ असणं म्हणजे काय, हा त्याचा प्रश्न. आपल्याला ते आतून कधीच कळणार नाही, असा त्याचा रोख. मी तो पंचवीस वर्षं शिकवला आणि एकदाही वटवाघळाबद्दल चार गोष्टी वाचून पाहिल्या नाहीत! याँग नेमकं ते करतात. वटवाघूळ आवाज टाकून प्रतिध्वनीवरून वाट कशी शोधतं, मांगूर-शिंगाळ्याच्या जातीच्या माशांना सगळ्या अंगानं चव कशी लागते, एका जातीच्या शिंपल्याला कडेनं डझनांनी डोळे कसे असतात. प्रत्येक प्राण्याचं जग त्याच्या इंद्रियांपुरतं, आणि आपलंही तसंच. आपण मात्र रात्रभर दिवे जाळून आणि गोंगाट करून इतरांची जगं पुसत चाललो आहोत, हे शेवटच्या प्रकरणात येतं. म्हणजे बघा, इथं कादंबरी आपल्याला लांब नेते आणि माहितीचं पुस्तक दुसऱ्याच्या कातडीत शिरवतं. यातून मी एक साधी गोष्ट शिकलो. सकाळी शेजाऱ्यांचा कुत्रा मी कधी कधी फिरवतो. तो खांबापाशी थांबला की मी साखळी ओढायचो. आता थांबतो. त्याचं वर्तमानपत्र वाचून होऊ दे.

चौथी जोडी घराची. बानू मुश्ताक यांचा कथासंग्रह 'हार्ट लॅम्प'. मूळ कथा कन्नड, 1990 ते 2023 या काळात लिहिलेल्या, त्यातल्या बारा निवडून दीपा भास्ती यांनी इंग्रजीत आणल्या. 2025 चं आंतरराष्ट्रीय बुकर याला मिळालं. कन्नडला पहिल्यांदा आणि कथासंग्रहालाही पहिल्यांदा. लेखिका व्यवसायानं वकील. कर्नाटकातल्या मुस्लिम घरांतल्या बायकांच्या या कथा आहेत. शीर्षककथेत नवऱ्यानं फसवलेली बाई तान्ह्या मुलाला घेऊन माहेरी येते, आणि भाऊ तिला परत नेऊन सोडायला निघतात. 'माहेर' या शब्दावर मराठीत किती ओव्या, किती गाणी! ही कथा वाचताना त्या शब्दाची दुसरी बाजू दिसते. आणि ही फक्त त्यांच्या घरची गोष्ट आहे असं म्हणून सुटता येत नाही. आपापल्या घरातले दोन-तीन प्रसंग आठवून बघा.

जोडीला अरुंधती रॉय यांचं 'मदर मेरी कम्स टू मी', 2025. आईविषयीच्या आठवणी. त्यांच्या आई मेरी रॉय केरळात शाळा चालवत. त्रावणकोरच्या 1916 च्या कायद्याप्रमाणं तिथल्या सिरियन ख्रिश्चन मुलीला बापाच्या मिळकतीत मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते मिळे. जे कमी असेल ते! मेरी रॉय याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि 1986 च्या निकालानं मुलींना समान वाटा मिळाला. अशा बाईबद्दल लेक लिहिते म्हटल्यावर आपण आरती ऐकायच्या तयारीनं बसतो. तसं होत नाही. हजारो मुलींना हक्क मिळवून देणारी ही आई घरात मुलांशी फार कठोर वागते. लेखिका ते लपवत नाही, आणि प्रेमही लपवत नाही. माणूस चांगला की वाईट, असा एका ओळीचा निकाल मागणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. मीही त्यातलाच होतो.

आता उरलं एक सुटं पुस्तक. देविदास सौदागर यांची 'उसवण'. 2024 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळालेली छोटी कादंबरी. लेखक तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेले. तयार कपड्यांची दुकानं वाढली, माप देऊन कपडे शिवायची रीत कमी झाली, आणि लहान गावातल्या शिंप्याचं मशीन दिवसेंदिवस गप्प बसायला लागलं, त्याची ही गोष्ट. धंदा बुडतो म्हणजे फक्त पैसे कमी होतात असं नाही. हातात कसब आहे आणि ते कुणाला नको आहे, हे रोज सकाळी दुकान उघडताना सोसावं लागतं.

याची जोडी मी लावलेली नाही. मुद्दामच. ती तुम्ही लावायची. तुमच्या गल्लीत एखादे शिंपी अजून असतील. नसतील तर चांभार असतील, घड्याळं दुरुस्त करणारे असतील, कल्हईवाले आठवत असतील. 'उसवण' वाचा आणि मग त्यांच्याशी जाऊन बोला. दिवसाला किती काम येतं? पंधरा वर्षांपूर्वी किती यायचं? मुलं काय करतात? ते वहीत लिहा. दुसरं पुस्तक हेच. मी गेलो होतो. आमच्याकडचे शिंपीकाका म्हणाले, "आता फक्त आल्टर येतं. नवीन शर्ट शेवटचा कधी शिवला, विचार करावा लागेल." मी वीस वर्षं त्यांच्या दुकानासमोरून जातोय आणि त्यांना एक शब्द विचारला नव्हता.

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, ते इथं नोंदवतो.

प्रश्न: सर, यातली बहुतेक पुस्तकं इंग्रजी. आम्ही काय करायचं?

उत्तर: रास्त तक्रार आहे. 'रिंगाण' आणि 'उसवण' मराठीच आहेत, तिथून सुरुवात करा. बाकीच्यांसाठी आपल्या वाचनालयातल्या मागणीच्या वहीत नाव लिहा, आणि चार मैत्रिणींना लिहायला लावा. एकानं मागितलेलं पुस्तक राहून जातं, पाचजणांनी मागितलेलं येतं. आणि चौघांनी मिळून कीगन वाचायला घ्या. एकानं दोन पानं मोठ्यानं वाचायची, बाकीच्यांनी अडलेलं विचारायचं. दोन महिन्यांत होईल.

प्रश्न: त्या विद्यार्थ्याचं पुढं काय झालं?

उत्तर: मला माहीत नाही. नावही आठवत नाही, अक्षर तेवढं आठवतं. उजवीकडं झुकलेलं. तो आता पन्नाशीचा असेल. ही माला तो बघत असण्याची शक्यता फार कमी. पण बघत असलास तर, बाबा, ते गुण मी चुकीचे कापले. युक्तिवाद तुझ्या उत्तरात होता. मला वाचता आला नाही.

थांबतो. नमस्कार.